इमामाच्या मागे कोण उभे असते?

जमातीने नमाज चालू आहे. इमाम सर्वांच्या पुढे मेहराबीपाशी, किब्ल्याकडे तोंड करून उभा आहे आणि मागे खांद्याला खांदा लावून सफा, म्हणजे रांगा, लागल्या आहेत. कुराणातला भाग मोठ्याने म्हणताना इमाम मध्येच अडखळतो, एखादी आयत विसरतो किंवा सारख्या वाटणाऱ्या दुसऱ्याच आयतीवर जातो. अशा वेळी काय करायचे हे ठरलेले आहे. ज्याला ती आयत पाठ असेल असा मागचा कोणीही नमाजी जागच्या जागी योग्य शब्द मोठ्याने म्हणतो, इमाम ते उचलतो आणि नमाज पुढे सरकते. याला लुकमा देणे म्हणतात. रमजानच्या रात्री तरावीहमध्ये सगळे कुराण क्रमाने म्हटले जाते, तेव्हा पाठांतर पक्के असलेला दुसरा हाफिज याच कामासाठी पहिल्या सफेत उभा केला जातो. रकातींच्या मोजणीत चूक झाली, तर मागून ‘सुब्हानल्लाह’ म्हणून इमामाला सावध करतात आणि शेवटी भरपाईचे दोन जादा सज्दे होतात. चूक एकट्या इमामाची असली, तरी ते सज्दे सगळ्या जमातीला करावे लागतात.

मशिदीत अधिकार कोणाचा, याचे उत्तर या लहानशा रिवाजात सापडते असे मला वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला इमाम हा मुस्लिम समाजाचा धर्मगुरू वाटतो. काही घडले की वार्ताहर त्याच्यापुढे माईक धरतात, निवडणूक आली की उमेदवार त्याच्या भेटीला जातात. समाजातले सुधारणावादीही अनेकदा सगळा दोष ‘मौलाना लोकां’वर टाकून मोकळे होतात. या दोघांचाही नेम चुकतो. इमामाचा अधिकार नमाजेपुरता असतो आणि तोही जमातीने दिलेला असतो. मशीद चालते ती जमातीच्या आणि तिने नेमलेल्या विश्वस्तांच्या मर्जीने. या रचनेत मोठी ताकद आहे. पण जो माणूस रोज पाच वेळा सर्वांच्या पुढे उभा राहतो, त्याला तीच रचना अत्यंत परावलंबी करून ठेवते.

मूळ धर्मविचारापासून सुरुवात करू. इस्लाममध्ये, निदान बहुसंख्य सुन्नी मुसलमानांच्या परंपरेत, दीक्षा घेतलेला पुरोहितवर्ग नाही. माणूस आणि अल्लाह यांच्यामध्ये मध्यस्थ लागत नाही, नमाज एकट्यानेही होते आणि स्वच्छ जमीन असेल तिथे कुठेही होते. इमामत कोणी करावी याचा क्रम हदीसमध्ये आहे: कुराणपठण ज्याला उत्तम येते त्याने, त्यात बरोबरी असेल तर सुन्नतीचे ज्ञान अधिक असलेल्याने, आणि इतर बाबतींतही बरोबरी निघाली तर वयाने मोठ्या असलेल्याने. जन्म, जात, घराणे यांना त्यात स्थान नाही. म्हणूनच रेल्वे फलाटावर चार प्रवासी नमाजेला उभे राहिले, तर त्यांच्यातलाच एक जण पुढे होतो आणि तेवढ्यापुरता तोच इमाम असतो. इ. स. ६२२ मध्ये मदिनेला आल्यावर पैगंबरांनी उभारलेली मशीदही साधीच होती. खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्यांचे छप्पर. तिथे नमाज होत असे, तसेच वाटाघाटी होत, पाहुणे उतरत, निराधार लोक राहत. अजान द्यायला पैगंबरांनी निवडले ते बिलाल यांना, गुलामीतून मुक्त झालेल्या एका हबशी माणसाला.

जमातीवरचा हा भर फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, नियमांत जागोजागी दिसतो. रोजची नमाज एकट्याने होते, जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, होत नाही. हनफी मतानुसार जुम्म्यासाठी इमामाखेरीज किमान तीन माणसे लागतात, शाफई पंथाच्या प्रचलित मतानुसार गावातले चाळीस रहिवासी पुरुष लागतात. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. मुंबईत आणि आखाती देशांत माणसे पांगलेल्या छोट्या गावाच्या दृष्टीने हा चाळिसाचा आकडा काय असतो, याची कल्पना करता येईल. कितीही विद्वान इमाम आणला, तरी समोर माणसे नसतील तर जुम्मा उभा राहत नाही. याच्या जोडीला आणखी एक नियम आहे: ज्याची इमामत लोकांना रास्त कारणाने नको आहे, त्याने पुढे उभे राहणे शास्त्राला नापसंत आहे.

लग्न, मयत अशा प्रसंगी तरी इमाम लागतोच ना, असे कोणी विचारील. प्रथेने लागतो, शास्त्राने नाही. निकाहाला हवा असतो प्रस्ताव, त्याचा स्वीकार, साक्षीदार आणि ठरलेला मेहर. खुतबा वाचायला काझी किंवा इमाम असणे ही चांगली रीत मानली जाते, पण तो नसला म्हणून निकाह अवैध ठरत नाही. ब्रिटिश सरकारने १८८० मध्ये काझी कायदा केला, तेव्हा ही बाब कलमातच घातली. या कायद्यान्वये नेमलेल्या काझीला न्यायदानाचे वा प्रशासनाचे कसलेही अधिकार मिळत नाहीत आणि लग्नाला त्याची हजेरी आवश्यक ठरत नाही, असे तो कायदा सांगतो. जनाजाची नमाज तर मृताच्या मुलाने किंवा भावाने पढवली तरी चालते, अनेक घरांत तसेच होते.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात हे काम करणारा मुलाणा होता. मशिदीची आणि पिराच्या स्थानाची देखभाल, निकाह लावणे आणि जनावर हलाल करणे ही त्याची कामे, आणि त्यांबद्दल धान्याच्या रूपाने बलुते मिळे. हिंदू शेतकऱ्याच्या घरचा बकराही पुष्कळ गावांत मुलाणाच कापत असे. आज मुलाणी, काझी, खतीब, मुल्ला ही आडनावे राहिली आहेत आणि ती धारण करणारी माणसे शिक्षक आहेत, वकील आहेत, दुकानदार आहेत. बलुते संपले तशी मशिदीची जबाबदारी वर्गणीवर आणि वक्फच्या, म्हणजे धर्मकार्यासाठी दान दिलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नावर आली. मुंबईत शेख मेमन स्ट्रीटवर १८०२ मध्ये पूर्ण झालेली जुम्मा मशीद जुन्या तलावावर कमानी टाकून उभारली आहे. तो तलाव आजही इमारतीच्या पोटात आहे आणि लोक त्यात वजू करतात. ती मशीद कोकणी मुस्लिम जमातीने सांभाळली. आजूबाजूच्या बाजारात व्यापार करणाऱ्या या माणसांनीच कारभार पाहिला, वाद झाले तेव्हा न्यायालयाची पायरीही चढली. मशिदीच्या इतिहासात अशा कारभाऱ्यांची नावे टिकतात, इमामांची क्वचितच.

आजच्या एखाद्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा कारभार पाहा. नोंदणी वक्फ मंडळाकडे किंवा जुन्या पद्धतीप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे. विश्वस्त पाच-सात, त्यांत कोणी बांधकाम व्यावसायिक, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी मटणाचे दुकान चालवणारा. वीजबिल, चटया, हौदाची दुरुस्ती, रमजानची इफ्तारी हे सगळे त्यांच्याकडे. इमाम त्यांनी नेमलेला असतो. अनेकदा तो उत्तर प्रदेश किंवा बिहारमधल्या मदरशातून शिकून आलेला तरुण असतो. मशीद देवबंदी, बरेलवी की अहले हदीस, हे आधीच ठरलेले असते, इमाम त्या मसलकचा, म्हणजे विचारधारेचा, निवडला जातो. मशिदीला लागून त्याचा हुजरा असतो, म्हणजे एक खोली. पहाटे फजरच्या आधी त्याचा दिवस सुरू होतो आणि रात्री इशा झाल्यावर संपतो. मुअज्जिन गावी गेला असेल तर अजानही तोच देतो. फजरनंतर आणि सायंकाळी मकतब भरते. दिवसा सरकारी किंवा खासगी शाळेत जाणारी मोहल्ल्यातली मुले तिथे सिपारा घेऊन बसतात, आणि एकेकाचे उच्चार ऐकून दुरुस्त करणे हे इमामाचे खरोखर कष्टाचे काम. (मदरशात शिकणाऱ्या मुलांविषयी बोलताना ही मकतबची मुलेही त्यात धरण्याची चूक होते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मकतब आणि मदरसा यांतला फरक मुद्दाम नोंदवला होता.) रोज पाचही वेळेला हजर राहायचे असल्यामुळे त्याला दुसरी नोकरी करता येत नाही. सुट्टी घ्यायची तर बदली माणूस शोधून द्यावा लागतो. कुटुंब बहुधा गावाकडेच राहते.

या कामाला पगार द्यावा का, हा वादही जुना आहे. हनफी पंथाच्या आरंभीच्या फकिहांनी इबादतीचा मोबदला घेणे अमान्य केले होते, कारण तेव्हा अशा लोकांचा खर्च राज्याच्या खजिन्यातून चाले. तो आधार तुटल्यावर नंतरच्या फकिहांनी इमामत, अजान आणि कुराण शिकवणे यांसाठी वेतन घेण्यास गरज म्हणून मान्यता दिली. फत्वा बदलला, पण मनातली अढी पूर्ण गेली नाही. इमामाने पगारवाढ मागितली की त्याच्या इख्लासवर, म्हणजे निष्ठेच्या शुद्धतेवर, शंका घेणारे विश्वस्त आजही भेटतात. रमजानच्या शेवटी मिळणारा हदिया पगाराच्या जागी धरला जातो. या अढीचा फायदा घेऊन वक्फ मंडळांनी सर्वोच्च न्यायालयात असा युक्तिवाद केला होता की इमामत हे धार्मिक सेवाकार्य आहे, त्यात मालक आणि नोकर असे नाते नसते. अखिल भारतीय इमाम संघटनेच्या याचिकेवर १३ मे १९९३ रोजी निकाल देताना न्यायालयाने तो फेटाळला आणि इमामांच्या मानधनाची योजना तयार करण्यास सांगितले. या निकालावर घेतला जाणारा आक्षेप असा की करदात्याच्या पैशातून एका धर्माच्या उपासनेचा खर्च का करावा. केंद्रीय माहिती आयोगाने २०२२ मध्ये जवळपास हाच आक्षेप नोंदवला. त्यात तथ्य आहे. पश्चिम बंगाल सरकारने २०१२ मध्ये इमामांना महिना अडीच हजार रुपये भत्ता जाहीर केला, तो कोलकाता उच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी घटनाबाह्य ठरवला. वक्फचे उत्पन्न मात्र सरकारी पैसा नव्हे. ते मुसलमानांनीच दान दिलेल्या मालमत्तेतून येते. त्यातून इमामाला पोटापुरते द्यायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. संगमरवरी फरशी आणि उंच मिनार यांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या जमातीने इमामाच्या भविष्य निर्वाह निधीचा विचारही करू नये, हे मला गैर वाटते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आक्षेप दिल्लीच्या जामा मशिदीचा घेतला जाईल. शाहजहानने ही मशीद १६५६ मध्ये पूर्ण केल्यापासून तिथली इमामत एकाच बुखारी घराण्यात आहे. शाही इमामांनी निवडणुकीत या ना त्या पक्षाला पाठिंबा जाहीर केला आणि १९७७ मध्ये त्याची देशभर चर्चाही झाली. मग इमाम सत्ताहीन कसा? इथे पदाच्या नावाकडेच पाहावे. ‘शाही’ हे विशेषण बादशहाने नेमणूक केल्यामुळे आले, ते धर्मशास्त्रातून आलेले नाही. त्या इमामाला मुंबईच्या किंवा मालेगावच्या मशिदीत एक चटईही हलवण्याचा अधिकार नाही. २०१४ मध्ये पुढच्या पिढीतल्या मुलाची नायब इमाम म्हणून दस्तारबंदी होणार होती, तेव्हा दिल्ली वक्फ मंडळानेच न्यायालयात त्याला विरोध केला. उच्च न्यायालयाने सोहळा थांबवला नाही, पण त्याला कायदेशीर मान्यता नसल्याचे स्पष्ट केले. १९७७ साली लोकांनी मत दिले ते इमामाच्या सांगण्यावरून, असे मानण्यापेक्षा आणीबाणीतल्या तुर्कमान गेटच्या पाडापाडीचा आणि सक्तीच्या नसबंदीचा राग इमामाच्या तोंडून बाहेर पडला, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. मागच्या सफांच्या मनात होते तेच मिंबरावरून, म्हणजे प्रवचनाच्या आसनावरून, बोलले गेले.

दुसरा आक्षेप जुम्म्याच्या बयानाचा. आठवड्यातून एकदा शेकडो माणसे शांतपणे एका माणसाचे बोलणे ऐकतात, ही ताकद नाही का? आहे, आणि तिचा गैरवापरही होतो. ठरलेला अरबी खुतबा छोटा असतो. त्याआधीच्या उर्दू, क्वचित मराठी बयानात हुंड्यापासून हजच्या नियमांपर्यंत काहीही येऊ शकते. दुसऱ्या मसलकला शिव्या देणारी बयानेही होतात, ती नुकसानच करतात. पण हा धोका टाळण्यासाठी काही देशांनी स्वीकारलेला उपाय पाहिला, तर आपल्याकडची रचना किती वेगळी आहे ते कळते. तुर्कस्तानात १९२४ मध्ये स्थापन झालेल्या दियानत या सरकारी खात्याकडे इमाम नोकरीला असतात आणि शुक्रवारचे प्रवचन तिथूनच येते. इजिप्तमध्ये वक्फ मंत्रालय जुम्म्याचा विषय ठरवून देते. तिथला इमाम जमातीला उत्तरदायी राहत नाही, सरकारला राहतो. भारतात तसे केंद्र नाही, म्हणून इथल्या मिंबरावर भिन्न आवाज आहेत. भडक बोलणाऱ्या इमामाला वरून कोणी थांबवत नाही हे खरे, पण पगार देणारी जमात त्याला सोमवारीच थांबवू शकते. ती थांबवत नसेल, तर जाब तिलाच विचारायला हवा.

हे सर्व मुसलमानांना सारखेच लागू आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. शिया परंपरेत ‘इमाम’ या पदाला फार वेगळे आणि उंच स्थान आहे. तिथे इमाम म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातला, अल्लाहने नेमलेला मार्गदर्शक. मशिदीत नमाज पढवणाऱ्याला म्हणूनच पेशनमाज असे वेगळे नाव आहे. मुंबईत मोठी वस्ती असलेल्या दाऊदी बोहरा समाजात सय्यदना सर्वोच्च असतात आणि गावोगावच्या मशिदीतला आमिल त्यांच्या परवानगीने काम करतो. तिथे अधिकार वरून खाली येतो आणि माझा युक्तिवाद तिथे चालत नाही. बोहरा सुधारकांचा अनेक दशकांचा लढा म्हणूनच सुन्नी मोहल्ल्यातल्या भांडणांपेक्षा निराळा आहे.

जमात म्हटले की ती भलीच असते, असेही नाही. ज्याच्या नावावर वर्गणी थकली त्याच्या घरच्या निकाहाला नाही म्हणणे, वेगळ्या मताच्या माणसाला कब्रस्तानात अडवणे, घरावर बहिष्कार टाकणे हे प्रकार घडतात, आणि ते जमातीच्या ठरावाने घडतात. इमामाला त्यावर फक्त मान डोलवावी लागते, कारण त्याचा हुजरा विश्वस्तांच्या ताब्यात असतो. फत्वा देणे हे मुफ्तीचे काम, त्यासाठी वेगळा अभ्यास लागतो, आणि फत्व्याला कायद्याचे बळ नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. बहिष्कार मात्र फत्व्याविना चालतो. सर्वच जाती-धर्मांतल्या जातपंचायतींना आणि जमातींना लागू होणारा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्राने केला, तो या कारणाने महत्त्वाचा आहे.

स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रश्नात हे सगळे एकत्र दिसते. पैगंबरांच्या मशिदीत स्त्रिया जमातीत उभ्या राहत. नमाज चालू असताना मूल रडले, तर त्याच्या आईची ओढाताण होऊ नये म्हणून पैगंबर नमाज आटोपती घेत, अशी प्रसिद्ध हदीस आहे. मक्का आणि मदिना इथे आजही स्त्रिया मशिदीत नमाज पढतात, केरळमध्ये अनेक मशिदींत त्यांच्यासाठी जागा आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक मशिदींत नाही. पुण्याच्या एका दाम्पत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जमातीने नमाज पढणे स्त्रियांवर पुरुषांसारखे बंधनकारक नाही, हा नेहमीचा आक्षेप आणि तो शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. पण बंधनकारक नसणे आणि मनाई असणे यांत अंतर आहे. अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही जानेवारी २०२० मधल्या प्रतिज्ञापत्रात स्त्रिया मशिदीत नमाजेसाठी येऊ शकतात, असेच म्हटले. म्हणजे शास्त्राचा अडथळा नाही हे बोर्डाने मान्य केले. बाजारात खरेदीला आलेली किंवा इस्पितळात रुग्णासोबत थांबलेली बाई असरची वेळ टळू नये म्हणून जागा शोधते, तेव्हा शेजारच्या मशिदीचा दरवाजा तिला बंद असतो, आणि तो बंद ठेवणारा इमाम नसतो. वजूसाठी आडोसा, वेगळा जिना, मागच्या बाजूला दोन सफांची जागा, एवढा खर्च विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत मंजूर होऊ शकतो. तो विषय पत्रिकेवर घ्यावा, असे जमातीतल्या किती पुरुषांनी त्यांना आजवर सांगितले आहे?